स्थळ आणि स्थान : एका दिवसाच्या नागपूरविषयी

पावसाळा सरला, की महाविद्यालयांच्या मराठी विभागात एक कागद फिरू लागतो. त्याच्या माथ्यावर ‘शैक्षणिक सहल : नागपूर दर्शन’ असे लिहिलेले असते आणि खाली स्थळांची क्रमवार यादी. प्रत्येक स्थळापुढे मिनिटे मांडलेली : झिरो माईल १०, अजब बंगला ३०, महाराजबाग ३०, दीक्षाभूमी ३०, अंबाझरी २०, फुटाळा २० आणि याप्रमाणे पुढे. शेवटी ‘खरेदी’ आणि ‘परतीचा प्रवास’. अन्य तालुक्यांतील आमच्या सहव्यवसायी मित्रांकडेही हाच कागद असणार. फार तर शहराचे नाव वेगळे असेल. प्रस्तुत टिपण या कागदाच्या विरोधात आहे, आणि तो कागद कित्येक वर्षे आम्हीच तयार करीत आलो आहोत, हेही आरंभीच सांगून टाकणे बरे.

आम्ही नरखेड तालुक्यात मराठी शिकवतो. नागपूर जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यातील हा तालुका. एका अंगाला मध्य प्रदेश, दुसऱ्या अंगाला वर्धा नदी आणि तिच्या पलीकडे अमरावती जिल्हा. आमचे बहुतेक विद्यार्थी संत्र्याच्या बागाईतदारांचे, त्याहून अधिक त्या बागांत मजुरीला जाणाऱ्यांचे. नागपूर येथून रेल्वेने सुमारे ८५ किलोमीटर. म्हणजे दूर नाही. आमच्यापैकी कोणी ‘शहरात जाऊन येतो’ असे म्हणाला, तर कोणत्या शहरात असे विचारावे लागत नाही. त्यामुळे नागपूर न पाहिलेला विद्यार्थी आमच्या वर्गात सहसा नसतो. प्रश्न आहे तो त्याने नागपूर कसे पाहिले याचा. कोणी वडिलांना इस्पितळात दाखवायला गेलेला असतो, कोणी स्पर्धा परीक्षेच्या केंद्रावर, कोणी संत्र्याच्या गाडीबरोबर रात्री कळमन्याच्या बाजारात, तर कोणी बहिणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला. या सर्व भेटींत एक गोष्ट समान असते : आमची मुले शहरात रांगेत उभी असतात. आपला क्रमांक येईपर्यंत थांबायचे, काम उरकले की शेवटची गाडी गाठायची, असा त्यांचा आणि शहराचा संबंध. मोठ्या शहरात आपण कायम कुणाच्या तरी दारात उभे असतो, ही भावना त्यांच्या मनात फार लवकर घर करते. आणि ज्याला शहरात आपली जागा वाटत नाही, त्याला त्या शहरात छापल्या जाणाऱ्या, चर्चिल्या जाणाऱ्या, पुरस्कार मिळवणाऱ्या वाङ्मयातही आपली जागा वाटत नाही. ‘साहित्य’ नावाची वस्तू अन्यत्र घडते आणि आपल्यापर्यंत ती फक्त अभ्यासक्रमातून पोहोचते, अशी त्याची समजूत होते. एका दिवसाची सहल हा विषय आम्हांला गंभीर वाटतो तो या कारणाने.

काही वर्षांपूर्वीच्या सहलीत आम्ही यादीतील नऊच्या नऊ स्थळे ‘केली’. बस भाड्याने घेतली होती. सकाळी सहाला निघालो आणि रात्री दहाला परतलो. दुसऱ्या आठवड्यात मुलांनी अहवाल लिहून दिले. त्यांपैकी एका विद्यार्थिनीच्या अहवालात नऊ स्थळांची नावे क्रमाने होती, प्रत्येकापुढे ‘ते पाहून खूप आनंद झाला’ असे होते आणि समारोपाचे वाक्य होते : ‘नागपूर खूप मोठे आहे. आम्ही सर्व पाहिले.’ आम्ही तिला दहापैकी आठ गुण दिले. पुढे एकदा वर्गात सहज विचारले, की अजब बंगल्यात काय पाहिले? बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागून आवाज आला, ‘वाघ’. पेंढा भरलेला वाघ तेथे आहे, हे खरे. पण तीस मिनिटांत वाघाच्या पुढे जाण्याची सोय आमच्या कागदाने ठेवलेलीच नव्हती. दोष मुलांचा नव्हता. अहवालात जे आले ते आमच्या कागदाचेच शुद्धलेखन होते.

त्या वर्षी योगायोगाने आम्ही महानुभाव वाङ्मय शिकवत होतो. लीळाचरित्राच्या शेजारी ज्या एका ग्रंथाचे नाव पाठ्यपुस्तकांत एका ओळीत येते आणि जातेही, ती ‘स्थानपोथी’ वर्गात निघाली. चौदाव्या शतकातील मानली जाणारी आणि मुनिव्यास कोठी यांच्या नावावर असलेली ही पोथी. चक्रधरस्वामी जेथे जेथे गेले, राहिले, बसले, जेवले, निजले, त्या त्या जागांची ती नोंदवही आहे. गाव कोणते, देऊळ कोणत्या दिशेला, त्याचे दार कोणत्या बाजूस, त्यातील कोणता चौक, कोणता वृक्ष, हे सारे तीत आहे. तीत वर्णनाचा फुलोरा नाही, सौंदर्याची तारीफही नाही. एखादे देऊळ सुंदर आहे म्हणून पोथीत आलेले नाही. तेथे काही घडले म्हणून आले आहे. जेथे काही घडले नाही ते कितीही भव्य असले तरी पोथीच्या दृष्टीने नसल्यात जमा. एखाद्या ओसरीचा कोपरा मात्र तीत अढळ आहे, कारण त्या कोपऱ्यात कोणी कोणाला एक गोष्ट सांगितली होती.

आमच्या ध्यानात जे आले ते असे. आपण सहलीच्या कागदावर ‘स्थळ’ लिहितो. पोथीत आहे ते ‘स्थान’. स्थळ पाहण्यासाठी डोळे आणि वाहन पुरते. स्थानासाठी तेथे घडलेली गोष्ट आधी ठाऊक असावी लागते, आणि त्या गोष्टीचा आपल्याशी काही संबंध असावा लागतो. पाहणाऱ्याजवळ गोष्ट असेल तर चार हात जमीनही स्थान होते, आणि नसेल तर महानगराचेही नुसते स्थळ उरते. अल्पकाळासाठी मोठ्या शहरात जाणाऱ्याने काय पाहावे, या प्रश्नाचे आमचे उत्तर या भेदातून आले आहे : ज्यांची गोष्ट आपण घरून बरोबर नेली आहे, अशी तीन-चारच स्थाने पाहावीत आणि बाकीचे शहर निःसंकोच सोडून द्यावे.

त्यानंतरच्या सहलीसाठी आम्ही यादी फाडली आणि कामाला लागलो. आधी दोन आठवडे वर्गात वाचन केले. बस रद्द करून रेल्वे घेतली. डिसेंबर टाळला, कारण हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत विधानभवनाच्या परिसरात पायी हिंडणे अवघड होते. सोमवार टाळला, कारण त्या दिवशी मध्यवर्ती संग्रहालय बंद असते. मृगबहाराची संत्री तोडणीला येण्यापूर्वीचा दिवस निवडला. नाही तर निम्मा वर्ग बागेत असता. मुक्कामाचा प्रश्न नव्हताच. मुलींच्या घरून परवानगी मिळते ती ‘दिवे लागणीपर्यंत परत’ या अटीवर, आणि त्या अटीवर नाक मुरडण्याचे आम्हांला कारण दिसत नाही. एक दिवस आहे, तर एका दिवसाचे शहर निवडावे.

नरखेड, काटोल, कोहळी, कळमेश्वर, गोधनी आणि नागपूर. ही स्थानके आमच्या मुलांना पाढ्यासारखी पाठ आहेत. स्थानकाच्या पश्चिम दाराने बाहेर पडून चालत गेले, की पहिले स्थान येते ते शून्य मैलाच्या दगडाचे. चार घोडे आणि एक स्तंभ. हा भारताचा मध्यबिंदू असून येथूनच देशातील सारी अंतरे मोजली जात, ही गोष्ट आम्हांला शाळेत सांगितलेली आणि आम्ही मुलांना सांगितलेली. दगडाजवळ जाऊन वाचले, तर तेथे निराळे आहे : १९०७ सालची ती भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची प्रमाण-खूण आहे. म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची निश्चित करणारा दगड. देशाचा भौमितिक मध्य तो नव्हे. पण मग लोकांनी हा दगड मध्य का मानला? वाङ्मयाच्या विद्यार्थ्यासाठी खरा प्रश्न येथे सुरू होतो. नागपूर हे दीर्घकाळ मध्य प्रांताचे राजधानीचे शहर होते. १९५६ साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, आणि राजधानीचे हे शहर उपराजधानी झाले. ज्या शहराने केंद्रपण गमावले, त्याला आपल्या मध्यावरचा दगड प्रिय वाटला तर नवल नाही. दंतकथा खोटी असते, पण ती का टिकते याचे कारण खोटे नसते, हे आम्ही लोकसाहित्याच्या तासाला शिकवतोच. तेथे उभे राहून ते शिकवायला पाच मिनिटे लागली. एका मुलाने विचारले, ‘सर, मग मध्य कुठं आहे?’ आम्ही म्हणालो, संध्याकाळी सांगू.

तेथून चालत अजब बंगला. मध्यवर्ती संग्रहालयाचे हे लोकांनी ठेवलेले नाव इतके अर्थपूर्ण आहे, की अधिकृत नावाचे कोणाला स्मरणही नसते. आमच्या आजोबांच्या पिढीत नागपूरहून आलेल्या माणसाला पहिला प्रश्न ‘अजब बंगला पाहिला का?’ हाच असे. त्याची स्थापना १८६३ सालची. त्याच वर्षी गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले. मराठीत एका महानगराचे ग्रंथरूप वर्णन उभे राहत होते, त्याच वर्षी आमच्या बाजूला एका शहरात मध्य प्रांतातील वस्तूंचा संग्रह उभा राहत होता. आणि तेच वर्ष स्टीफन हिस्लॉप यांच्या मृत्यूचे. नागपुरात राहिलेला हा स्कॉटिश मिशनरी. हिस्लॉप महाविद्यालयामुळे त्याचे नाव सर्वांना माहीत आहे. पण मध्य प्रांतातील आदिवासींविषयी त्याने जमवलेली टिपणे १८६६ साली रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून छापली, आणि त्यांत परधानांकडून ऐकून उतरवलेले लिंगोचे दीर्घ गोंडी गीत आहे, हे मराठीच्या विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही. नागपूर वसवणारा बख्त बुलंद हा गोंड राजा होता. या शहराच्या पायाशी एक गोंडी महाकाव्य आहे, आणि ते गाणाऱ्या परधानांचे वंशज आजही विदर्भात आहेत. ही गोष्ट बरोबर नेली होती म्हणून या वेळी मुले आदिवासी दालनात रेंगाळली. वाघ त्यांनी पाहिलाच, आम्हीही पाहिला. आमच्यापैकी एकाचा आग्रह होता की शिल्पदालनात थांबून वा. वि. मिराशींनी वाकाटकांचे कोरीव लेख कसे वाचले, रामटेक हाच मेघदूतातील रामगिरी हे मत कसे मांडले, याविषयी बोलावे. दुसऱ्याचे म्हणणे, एवढे सारे एका दिवसात कोंबले की पुन्हा तोच कागद. रामटेक त्या दिवसापुरते सोडले, आणि ते सोडताना वाईट वाटले, हे मान्य करतो. काय सोडायचे हे ठरवणे हाच अशा सहलीचा खरा अभ्यास आहे.

दुपारी झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघ. इमारत म्हणून तेथे पाहण्यासारखे फारसे नाही, म्हणूनच ते कोणत्याही ‘दर्शना’च्या यादीत नसते. संघाची स्थापना १९२३ सालची, आणि ती नागपुरात नव्हे, तर अमरावतीत झाली. संघ पुढे नागपुरात आला. हा तपशील आम्ही मुद्दाम सांगितला, कारण या शहरातील वाङ्मयाचा इतिहास बव्हंशी बाहेरून आलेल्यांचा आहे. मूर्तिजापुरात जन्मलेले कवी अनिल, अमरावतीचे सुरेश भट, यवतमाळ जिल्ह्यातील पारव्याचे महेश एलकुंचवार. आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे वि. भि. कोलते. बुलढाणा जिल्ह्यातील नरवेल नावाच्या खेड्यात जन्मलेला हा मुलगा पुढे नागपूर विद्यापीठाचा कुलगुरू झाला. महानुभावांच्या सांकेतिक लिप्यांत बंद असलेल्या वाङ्मयासाठी त्याने आयुष्य वेचले, लीळाचरित्राची साक्षेपी संहिता सिद्ध केली, आणि ज्या स्थानपोथीतून आम्हांला या सहलीची कल्पना सुचली, तिचेही संपादन केले. खेड्यातून शहरात येणे म्हणजे खेडे टाकून येणे नव्हे. कोलत्यांनी शहरात बसून खेड्यांतील मठांत पडलेल्या पोथ्या वाचल्या. शहराने त्यांना ग्रंथालय दिले, विद्यापीठ दिले, सहकारी दिले; विषय मात्र त्यांच्याच मुलखाचा होता. आम्ही मुलांना म्हणालो, की शहराकडून काय घ्यायचे याचा याहून चांगला नमुना आमच्याजवळ नाही.

आता ज्या प्रसंगाने आमची शिकवण्याची जागा बदलली, त्याविषयी. दीक्षाभूमी आमच्या जुन्या कागदावर होती : ३० मिनिटे, पादत्राणे बाहेर, शांतता राखावी. नव्या कागदावरही होती, आणि या वेळी तिच्यासाठी गोष्टही नेली होती. १४ ऑक्टोबर १९५६, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह घेतलेली बौद्ध धम्माची दीक्षा, बावीस प्रतिज्ञा, आणि त्यानंतर मराठी वाङ्मयात आलेली माणसे. कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ आम्ही त्यासाठी वर्गात वाचले होते. नागपुरातील दलित घरातली एक मुलगी संस्कृत शिकू पाहते आणि तिच्या त्या शिकण्याने कोणाकोणाच्या कपाळावर आठ्या चढतात, हे त्यात आहे. सगळी सिद्धता करून आम्ही स्तूपासमोर उभे राहिलो आणि बोलू लागलो. तेव्हा एक विद्यार्थिनी अगदी हळू आवाजात म्हणाली, ‘मॅडम, उन्हात नका उभ्या राहू. आम्ही येतो तेव्हा तिकडं बसतो.’

ती ज्या बाजूला निर्देश करीत होती तिकडे आम्ही गेलो. मग तीच बोलू लागली. तिची आजी दरवर्षी विजयादशमीला येथे येते. पूर्वी बैलगाडीने नरखेडपर्यंत आणि तेथून रेल्वेने. आता जीपने काटोलपर्यंत. आदल्या रात्री सारे याच आवारात पथारी टाकतात. सकाळी स्तूपाचे दर्शन, आणि मग पुस्तकांच्या दुकानांची रांग. आजीला वाचता येत नाही. पण पुस्तक घेतल्याशिवाय ती परत फिरत नाही. दुकानदाराला सांगते, की नातीला वाचायला द्यायचे आहे, चांगले निवडून द्या. अशी तिच्या घरी एक पेटीभर पुस्तके झाली आहेत. ‘मी मराठी घेतलं ते त्या पेटीमुळं,’ ती म्हणाली.

त्या आवारात धम्मचक्र प्रवर्तन दिनी लागणारा पुस्तकांचा बाजार आम्हांला ऐकून ठाऊक होता. त्यावर आम्ही लेखही वाचले होते. पण ज्या स्थानाविषयी सांगायला आम्ही गेलो होतो, त्याची पोथी आमच्याच वर्गात तिसऱ्या बाकावर तीन वर्षे बसलेली होती आणि आम्ही तिला कधी विचारले नव्हते, हे त्या दिवशी समजले. पहिल्या सहलीत ‘आम्ही सर्व पाहिले’ असे लिहिणारी विद्यार्थिनी हीच. तेव्हा दीक्षाभूमीपुढे तिनेही ‘पाहून खूप आनंद झाला’ असेच लिहिले होते. आम्ही विचारलेला प्रश्नच तेवढा होता. आजीची गोष्ट सहलीच्या अहवालात लिहायची असते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. उलट अशी गोष्ट घरी ठेवून यायची असते, हेच आमच्या शिकवण्यातून तिच्यापर्यंत गेले असावे. रांगेत उभी राहणारी मुले असे आम्ही वर म्हटले. ते सर्वांच्या बाबतीत खरे नाही. त्या आवारात ती रांगेत नव्हती. ती घरची होती, पाहुणे आम्ही होतो.

येथे दोन आक्षेपांचा विचार करणे अगत्याचे आहे. पहिला असा, की मुलांना शहरात मौज हवी असते. त्यांना मेट्रोत बसायचे असते, सीताबर्डीच्या बाजारात हिंडायचे असते, आणि तुम्ही त्यांच्या एका दिवसावरही अभ्यासक्रम लादता. या आक्षेपात तथ्य आहे, आणि म्हणूनच आम्ही दिवसातून दीड तास पूर्णपणे मोकळा ठेवला होता. झाशी राणी चौकापासून सीताबर्डीपर्यंत मेट्रोने गेलो आणि तेथे मुलांना सोडून दिले. स्टेशनवर परत यायची वेळ तेवढी सांगितली. कोणी कानातले घेतले, कोणी पावभाजी खाल्ली, दोघे नुसते मेट्रोने शेवटपर्यंत जाऊन परत आले. या दीड तासाला आम्ही कमी लेखत नाही. तरुणपणी चित्रपटाचे तिकीट मिळाले नाही म्हणून एलकुंचवार विजय तेंडुलकरांचे ‘मी जिंकलो! मी हरलो!’ पाहायला गेले, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, आणि मराठी नाटकाला एक नाटककार मिळाला, ही गोष्ट सुपरिचित आहे. जे कागदावर नसते ते घडू देण्याची सोय शहरातच अधिक असते. नऊ स्थळांची यादी सर्वप्रथम ही सोय हिरावून घेते. म्हणजे मौजेचा खरा शत्रू अभ्यास नसून घाई आहे.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा. सारे काही भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दिसते. मग जायचेच कशाला? स्थळे दिसतात, हे मान्य. अजब बंगल्यातील वाघही दिसेल. पण ‘आम्ही येतो तेव्हा तिकडं बसतो’ हे वाक्य पडद्यासमोर कोणी उच्चारले नसते. ते उच्चारण्यासाठी तिला त्या उन्हात, त्या आवारात, आपल्या वर्गासह उभे राहावे लागले. एकत्र चालत जाण्यात आणि एकत्र थांबण्यात माणसे एकमेकांना ज्या गोष्टी सांगतात, त्या वर्गात सांगत नाहीत. स्थानपोथीही अशाच चालणाऱ्या माणसांनी, आठवणाऱ्या माणसांनी सिद्ध केली आहे.

आणखी एक गोष्ट संकोच बाजूस सारून लिहितो. सहलीचा कागद असा का असतो, याचे कारण केवळ आमचा आळस नाही. महाविद्यालयांच्या मूल्यांकनात स्थळांची संख्या, छायाचित्रे आणि उपस्थितीचा तक्ता मोजता येतो. पेटीभर पुस्तकांची गोष्ट कोणत्या रकान्यात भरायची, हे कोणत्याही प्रपत्रात लिहिलेले नसते. आम्ही या वेळी स्थळांच्या रकान्यात ‘चार’ लिहिले. ‘बस खर्च’ या रकान्यात शून्य आणि ‘रेल्वे’ या रकान्यात फार थोडे. कार्यालयातून विचारणा झाली, की एवढ्या कमी ठिकाणी का नेले. आम्ही उत्तर दिले, की वेळ पुरला नाही. ते उत्तर खरे होते.

परतीच्या गाडीत आम्ही मध्याचा प्रश्न पुन्हा काढला, कारण सकाळी तसे वचन दिले होते. नरखेड हे जंक्शन आहे. एक मार्ग नागपूरहून इटारसीकडे जातो आणि दुसरा नरखेडहून फुटून मोर्शीच्या बाजूने अमरावतीकडे. मोर्शी तालुक्यातील रिद्धपुरात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले. आज मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे तेही त्याच रिद्धपुरात. मराठी गद्याचा आरंभ ज्या ग्रंथापासून मानला जातो तो राजधानीत लिहिला गेला नाही. आमच्या फाट्यावरच्या एका गावात लिहिला गेला. शून्य मैलाचा दगड कोणाच्याही दारात रोवता येतो, पण भाषेचा मध्य जेथे कोणी काही सांगितले आणि कोणी ते नीट लिहून ठेवले तेथे असतो. म्हणून शहराची अवहेलना करावी असे नाही. कोलते नागपुरात आले नसते, तर रिद्धपूरचे ते वैभव आमच्यापर्यंत या रूपात आले नसते. शहर आणि गाव यांच्यामधली ही येजा चालू राहिली पाहिजे, आणि ती दोन्ही दिशांनी चालू राहिली पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे.

या वेळी आम्ही सहलीचा अहवाल मागितला नाही. त्याऐवजी प्रत्येकाने आपल्या गावातील एका जागेची नोंद लिहावी, असे सांगितले : जागा कोठे, तोंड कोणत्या दिशेला, तेथे काय घडले, हे कोणाकडून कळले. नोंदी येऊ लागल्या आहेत. एक आहे विहिरीची, एक शाळेमागच्या चिंचेची, एक संत्र्याच्या पहिल्या बागेची. मोवाडच्या एका मुलाने जुन्या गावातील आपल्या घराची जागा लिहिली आहे. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने मोवाड उद्ध्वस्त केले. दोनशेहून अधिक माणसे गेली. हा मुलगा त्यानंतर पुष्कळ वर्षांनी जन्मला. ते घर त्याने पाहिलेले नाही. नोंदीत त्याने लिहिले आहे, की दार पूर्वेला होते, नदी मागच्या बाजूला, आणि हे त्याला त्याच्या काकूने हाताने दिशा दाखवून सांगितले. आम्ही या नोंदीला गुण दिलेले नाहीत. पुढच्या वर्षीच्या सहलीत एक दिवस नागपूर, आणि दुसऱ्या एका दिवशी सकाळी मोवाड, असा बेत केला आहे. काकूंनी येण्याचे कबूल केले आहे.